कानाच्या आतले यंत्र की कानामागचे?

कान-नाक-घसा तज्ज्ञांनी कान तपासून मळ नाही, पडद्याला छिद्र नाही, औषधाने किंवा शस्त्रक्रियेने सुधारण्यासारखे काही नाही असे सांगितले, ऑडिओग्राम, म्हणजे कोणत्या पट्टीचा आवाज किती मोठा केल्यावर ऐकू येतो याचा आलेख, हातात पडला आणि ‘आता श्रवणयंत्र लावा’ असा सल्ला मिळाला, की वयोमानाने कमी ऐकू येणाऱ्या माणसापुढे बहुधा एकच प्रश्न उरतो. कानाच्या नळीत पूर्ण बसणारे आणि बाहेरून जवळजवळ न दिसणारे सीआयसी घ्यावे, की कानामागे छोटी डबी आणि तिच्यातून कानात उतरणारी बारीक तार असलेले आरआयसी? मी ही दोन्ही यंत्रे वापरली आहेत, आणि माझे मत एका बाजूला थोडे झुकलेले आहे हे आधीच सांगून टाकतो. पुढचे लिखाण दोन्ही कानांत साधारण सारख्या आणि मध्यम प्रमाणात कमी झालेल्या श्रवणशक्तीपुरतेच समजावे. एखाद्या कानाचे ऐकणे एकाएकी, एक-दोन दिवसांतच गेले असेल तर यंत्राचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे, कारण अशा वेळी उपचार जितके लवकर सुरू होतील तितकी ऐकणे परत येण्याची शक्यता अधिक असते.

ठाण्यातल्या ज्या दुकानात मी प्रथम गेलो तेथे ‘कोणाला कळणारही नाही’ या एका वाक्यावर सीआयसी विकले जात होते. हे वाक्य खोटे नाही, पण माझ्या अनुभवात त्याला फारसे वजनही नाही. पिकलेले केस आणि चष्म्याची काडी यांच्यामध्ये कानामागची डबी अशी मिसळून जाते, की शेजाऱ्यांना मी सांगेपर्यंत ती दिसलीच नव्हती.

सीआयसीचे खरे गुण वेगळे आहेत, आणि ते मोकळेपणाने मान्य करावेत. त्याचा मायक्रोफोन कानाच्या पाळीच्या आत असल्यामुळे फोन नेहमीसारखा कानाला लावून बोलता येतो. आरआयसीचा मायक्रोफोन पाळीच्या वर असतो, त्यामुळे फोन थोडा वर सरकवून धरावा लागतो किंवा ब्लूटूथची मदत घ्यावी लागते. तलावपाळीवर संध्याकाळी वारा सुटला म्हणजे आरआयसीत जो फरफर आवाज येतो तो सीआयसीत बराच कमी असतो. चष्मा, मास्क आणि हेल्मेट यांच्याशीही त्याचे भांडण नाही. मास्कची दोरी काढताना आरआयसी कानावरून निघून खाली लोंबकळते, ही त्याची एक खरीखुरी कटकट आहे. एवढ्या गोष्टी बाजूने असताना मी सीआयसी का सोडले, तर माझ्याच आवाजामुळे.

निवृत्तीनंतर मी नौपाड्यात घरीच काही मुलांना संस्कृत शिकवतो. सीआयसी लावून पहिल्यांदा शिकवायला बसलो तेव्हा माझा आवाज मला रिकाम्या पिंपात तोंड घालून बोलल्यासारखा ऐकू येऊ लागला. त्यातही ‘देव’ आणि ‘वन’ शब्द चालवताना त्रास बेताचाच होता. ‘नदी’ आणि ‘वधू’ आले की दीर्घ ईकार-ऊकार डोक्यात घुमत. स्वतःचा आवाज इतका मोठा ऐकू आल्यावर माणूस नकळत हळू बोलू लागतो. मुले म्हणू लागली, ‘सर, जरा मोठ्याने सांगा ना,’ आणि घरात सौ. विचारू लागली, ‘अहो, स्वतःशीच काय पुटपुटताय?’ ऐकू यावे म्हणून यंत्र लावलेल्या माणसाचे बोलणेच इतरांना ऐकू येईनासे झाले. जेवतानाही तोच प्रकार होता. पापडाचा किंवा कुरमुऱ्यांचा घास चावताना पंगतीतले संभाषण त्या कुरकुरीखाली बुडून जाई.

याचे कारण यंत्राच्या बिघाडात नसून कानाच्या रचनेत आहे. आपण बोलतो तेव्हा आवाजाची कंपने कवटी आणि जबड्यातून कानाच्या नळीच्या बाहेरच्या, कूर्चेच्या भागापर्यंत पोचतात आणि एरवी नळीच्या उघड्या तोंडातून बाहेर निघून जातात. नळी बंद केली की खालच्या पट्टीचे आवाज आतच कोंडतात आणि पडद्यावर आदळतात. दोन्ही कानांत बोटे घालून आधी ‘आ’ आणि मग ‘ई’ म्हणून पाहिल्यास माझे म्हणणे घरबसल्या पडताळता येईल. ज्यांना खालच्या पट्टीचे आवाज अजून चांगले ऐकू येतात त्यांनाच हे घुमणे अधिक जाणवते, आणि वयोमानाने येणाऱ्या श्रवणदोषात बहुतेकांचे नेमके तसेच असते. ऑडिओग्रामची रेघ २५० आणि ५०० हर्ट्झला, म्हणजे खालच्या पट्टीला, वर (ऐकणे चांगले) असते आणि २००० हर्ट्झच्या पुढे, वरच्या पट्टीला, उतरत जाते. म्हणूनच माणूस बोलतो आहे हे कळते, पण ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘थ’ निसटल्यामुळे काय बोलतो ते कळत नाही.

ऑडिओलॉजिस्टनी माझ्या सीआयसीतले हवेचे छिद्र मोठे करून दिले. त्याने घुमणे कमी झाले, परंतु यंत्र शिट्टी वाजवू लागले. एवढ्याशा कवचात मायक्रोफोन आणि आवाज सोडणारा भाग अगदी जवळ असतात, त्यामुळे मोठ्या छिद्रातून बाहेर आलेला आवाज मायक्रोफोन पुन्हा पकडतो. काही दिवसांनी सवय होते असेही मला सांगण्यात आले, आणि अनेकांना ती होत असावी. मला पुरेशी झाली नाही. कवच नळीच्या हाडाच्या भागापर्यंत खोल नेले तर घुमणे बरेच कमी होते असे म्हणतात, पण तितके खोल बसणारे यंत्र प्रत्येकाच्या कानाला सोसवत नाही.

आरआयसीच्या तारेच्या टोकाला मी छिद्रांचा मऊ सिलिकॉनचा डोम, म्हणजे कानाच्या नळीत बसणारी छोटी टोपी, लावतो. खालच्या पट्टीचे आवाज त्यातून आपोआप ये-जा करतात आणि यंत्र फक्त वरच्या पट्टीची उणीव भरून काढते. शिकवणीत ‘नदी’ पुन्हा नदीसारखी ऐकू आली, आणि माझा निर्णय बहुतांशी तिथेच झाला.

बाकीचे मुद्दे थोडक्यात. सीआयसीला बहुधा १० क्रमांकाची, पिवळ्या पट्टीची बॅटरी लागते. ती लवकर संपते आणि थरथरत्या बोटांना तिचा फार जाच होतो. आरआयसी चार्जिंगचे मिळते आणि रात्री मोबाइलशेजारी ठेवता येते. कानातल्या मळाचा उपद्रव दोन्हींना आहे. ठाण्याच्या उकाड्यातला घाम आरआयसीला अधिक लागतो, त्यामुळे यंत्र सुकवण्याची डबी पावसाळ्यात तरी हवीच. स्टेशनबाहेरच्या रिक्षांच्या गोंगाटात दोघांनीही माझी थोडीफार निराशाच केली, तरी दोन मायक्रोफोन असल्यामुळे समोरच्याचे बोलणे वेगळे काढण्यात आरआयसी थोडे पुढे वाटले.

निर्णयाच्या दृष्टीने महत्त्वाचा असा एक व्यवहाराचा फरकही आहे. सीआयसी कानाचे माप घेऊन, साचा पाठवून घडवले जाते, त्यामुळे खरे यंत्र तयार होण्याआधी ते कानाला कसे वाटेल हे कळत नाही. आरआयसी त्याच बैठकीत कानाला लावून घरी नेऊन पाहता येते. दुकानाच्या शांत खोलीत सगळीच यंत्रे छान वाटतात, म्हणून ती घरच्या जेवणाच्या टेबलावर पारखावीत. यंत्र बसवून देणारी व्यक्ती भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणीकृत ऑडिओलॉजिस्ट आहे ना, आणि कानात बारीक नळी घालून यंत्राचा आवाज प्रत्यक्ष पडद्याजवळ मोजून देणार का, हे दोन प्रश्न मात्र संकोच न करता विचारावेत. विक्रेत्याचा हितसंबंध नसलेले मत हवे असल्यास वांद्रे रेक्लमेशनजवळच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत तपासणी करून घेता येते.

माझा कौल आरआयसीला असला तरी तो ऑडिओग्रामच्या डाव्या, म्हणजे खालच्या पट्टीच्या, टोकावर अवलंबून आहे. तेथे २५० आणि ५०० हर्ट्झच्या नोंदी साधारण ४० डेसिबलच्या पुढे गेल्या असतील तर उघड्या डोममधून हवा तो आवाजही बाहेर गळतो, आरआयसीलाही बंद डोम लावावा लागतो आणि त्याचा माझ्या लेखी असलेला मुख्य फायदा बराचसा निघून जातो. माझ्या मेहुण्यांचे तसेच आहे, शिवाय ते ऐरोलीहून रोज हेल्मेट घालून स्कूटरने कामावर जातात. त्यांना मी सीआयसीच घ्या असे सांगितले.