इटलीचा समुद्र आणि लहान मुलं: रिमिनी, लिगुरिया की अमाल्फी?

फेब्रुवारी आला की ओळखीतल्या कोणाचा तरी फोन येतोच, यंदा उन्हाळ्यात इटलीला समुद्रावर जायचंय, मुलं लहान आहेत, कुठे जाऊ सांग, आणि पाठोपाठ अमाल्फी किनाऱ्यावरच्या पोझितानो गावाचा फोटो येतो, डोंगरावर गुलाबी-पिवळी घरं आणि खाली निळंशार पाणी. फोटो खराच आहे, तितकंच सुंदर आहे ते. पण त्या फोटोत पायऱ्या दिसत नाहीत, आणि मुलांना घेऊन गेलं की सगळा प्रश्न पायऱ्यांचाच असतो.

आम्ही म्युनिकला राहतो आणि गेल्या काही वर्षांत तिन्ही किनारे केलेत. रिमिनीला गेलो तेव्हा मुलगा 2 वर्षांचा, लेक 6 ची आणि साताऱ्याहून आलेले सासू-सासरे बरोबर. लिगुरियाला तो 4 चा होता, अमाल्फीला 5 चा. त्यामुळे मी जे सांगतेय ते या वयांच्या हिशोबाने, आणि माझं पक्कं मत झालंय की ठिकाण फोटो बघून ठरवायचं नाही, घरातल्या सगळ्यात लहानाचे पाय आणि सगळ्यात मोठ्यांचे गुडघे बघून ठरवायचं.

आधी रिमिनी, कारण त्याबद्दल बोलण्यासारखं सगळ्यात जास्त आहे. पूर्वेकडचा, एड्रियाटिकचा किनारा. सपाट, लांबच लांब वाळू, एकट्या रिमिनीलाच 15 किलोमीटरच्या आसपास. पाणी इतकं उथळ की आम्ही बरंच आत चालत गेलो तरी माझ्या कमरेपर्यंतच येत होतं, आणि बऱ्याच ठिकाणी समुद्रात दगडांचे बांध घातलेत त्यामुळे लाटा तिथेच मोडतात. कोकणात आपण मुलांचा हात एक क्षण सोडत नाही, भरती कधी ओहोटी कधी, पाण्याला ओढ किती, सतत डोक्यात असतं. इथे लक्ष ठेवायचंच, पण छातीत धडधड नसते. आणि मोठी भरती नसल्यामुळे सकाळी केलेला वाळूचा किल्ला संध्याकाळी बऱ्यापैकी जागेवर असतो, हे लेकीला फारच आवडलं होतं.

तिथली पद्धत आधी समजून घ्या. बीचचा बराचसा भाग छोट्या छोट्या बीच-क्लबांमध्ये वाटलेला असतो, त्यांना 'बान्यो' म्हणतात आणि प्रत्येकाला नंबर असतो. छत्री आणि दोन आरामखुर्च्या दिवसाच्या किंवा आठवड्याच्या भाड्याने घ्यायच्या. पाण्याजवळची पहिली रांग सगळ्यात महाग, मागे जाल तसं स्वस्त. आम्ही पाचवी रांग घेतली, दिवसाला 22 युरो पडले, आणि खरं सांगायचं तर लहान मुलं असतील तर मागचीच बरी कारण झोपाळे-घसरगुंडी, टॉयलेट, शॉवर सगळं मागेच असतं. फुकटचा बीचही असतो, त्याला 'स्पियाज्जा लिबेरा' म्हणतात, पण तिथे सावली आपली आपण न्यायची. पांढरा बावटा असेल तर खुशाल पाण्यात जा, लाल असेल तर मुलं कितीही रडली तरी नाही.

सासूबाईंना काय आवडलं तर हॉटेलपासून वाळूपर्यंत एकही पायरी नाही. बाबागाडी, त्यांची काठी, टॉवेलांची पिशवी, सगळं सरळ ढकलत. तिथली कुटुंबांसाठीची साधी हॉटेलं नाश्ता आणि रात्रीचं जेवण धरून भाव देतात, त्याला 'मेद्झा पेन्सियोने' म्हणतात, हवं तर दुपारचंही मिळतं. रोज संध्याकाळी दमलेल्या मुलांना घेऊन जेवायची जागा शोधत फिरायचं नाही हा मोठा आराम. जेवण मात्र साडेसातच्या आधी मिळेल ही आशा ठेवू नका, मुलांना सहा वाजता काहीतरी खायला द्याच.

शाकाहारी लोकांनी इथे नीट लक्ष द्या. रोमान्याची, म्हणजे रिमिनीच्या भागाची, 'पियादिना' म्हणजे तव्यावर भाजलेली जाडसर मैद्याची पोळीच, आत मऊ चीज आणि रुकोलाची पानं, मुलं आनंदाने खातात. पण पारंपरिक पिठात डुकराची चरबी असते, तिला 'स्त्रुत्तो' म्हणतात. ऑलिव्ह तेलाचीही बऱ्याच ठिकाणी मिळते, फक्त 'सेन्झा स्त्रुत्तो' असं विचारून घ्यायचं. आम्हाला हे दुसऱ्या दिवशी कळलं आणि सासूबाईंना दोन दिवस जेवण गेलं नाही, त्याचं मला अजून वाईट वाटतं, म्हणून मी भेटेल त्याला आधी हेच सांगते. पार्मेझान चीजमध्येही वासराच्या पोटातलं रेनेट (दूध घट्ट करणारा पदार्थ) असतं, ज्यांना तेही चालत नाही त्यांनी ते तिन्ही किनाऱ्यांवर लक्षात ठेवा.

बीचचा कंटाळा आला की आजूबाजूला भरपूर आहे. सान मारिनो हा चिमुकला देश रिमिनीहून बसने तासाभराच्या आत, डोंगरावर तीन बुरूज, मुलांना किल्ला म्हणून दाखवायला एकदम बेस्ट. सगळी इटली छोट्या मॉडेल्समध्ये मांडलेलं 'इतालिया इन मिनियातुरा' आहे, रावेन्नाजवळ 'मिराबिलांदिया' हे मोठं राइड्सचं पार्क आहे. आणि रावेन्नाची मोझेक, म्हणजे रंगीत तुकडे जोडून केलेली जुनी भित्तिचित्रं, ट्रेनने तासाभरावर, ती मात्र मोठ्यांसाठी, मुलं वीस मिनिटांत बाहेर चला म्हणतात.

आता उणी बाजू. पाणी निळंशार नाही, हिरवट गढूळसर असतं, आणि छत्र्यांच्या रांगाच रांगा म्हणजे एकांत शून्य. रिमिनीच्या मध्यात रात्री गोंगाट पण असतो. त्यापेक्षा थोडं वर बेल्लारिया किंवा चेझेनातिको बघा, समुद्र तोच, वाळू तीच, गाव शांत. चेझेनातिकोला गावाच्या मधून बंदराचा कालवा जातो, जुन्या रंगीत शिडांच्या बोटी उभ्या असतात, आणि 1502 मध्ये लिओनार्दो दा विंचीने त्या बंदराची मोजणी केली होती. संध्याकाळी आइस्क्रीम खात तिथे फिरणं ही आमच्या घरातली सगळ्यात लाडकी आठवण आहे.

लिगुरिया म्हणजे पश्चिमेकडचा, जेनोवाच्या दोन्ही बाजूंचा किनारा. इथे पाणी बघूनच जीव हरखतो, तळाचे गोटे दिसतात. पण गोटेच दिसतात, कारण बऱ्याच ठिकाणी वाळू नाही आणि खोली पटकन वाढते, चार पावलांत लेक गळ्यापर्यंत. पोहता येणाऱ्या मुलांसाठी हे स्वर्ग आहे, गॉगल लावून मासे बघत बसतात. न येणाऱ्यांसाठी फ्लोट आणि पाण्यातले रबरी बूट आधीच घेऊन जा.

सगळे चिंक्वे तेर्रे, चिंक्वे तेर्रे करतात, ती पाच गावं बघायलाच हवीत, पण मुक्काम तिथे करू नका. मॉन्तेरोस्सो सोडलं तर धड वाळूचा बीच नाही, ऑगस्टमध्ये गल्लीत पाय ठेवायला जागा नसते आणि रूम बहुतेक वेळा तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. त्या पाचांतलं कोर्नील्या तर स्टेशनपासून 382 पायऱ्या वर आहे. आमचा मुलगा शंभर चढला, बाकीच्या नवऱ्याच्या खांद्यावर. वर जायला छोटी बस असते हे आम्हाला खाली उतरल्यावर कळलं, तुम्ही आधीच विचारा.

त्यापेक्षा सेस्त्री लेवान्तेला राहा. दोन बाजूंना दोन उपसागर, एकीकडे छोटी सुंदर 'बाया देल सिलेन्झियो', दुसरीकडे मोठा लांब बीच, गाव सपाट, बाबागाडी चालते. चिंक्वे तेर्रे ट्रेनने अर्ध्या तासाच्या आसपास, आणि जवळपास सगळा रस्ता बोगद्यांतून, अंधार-समुद्र-अंधार-समुद्र, मुलगा खिडकीला चिकटून बसला होता. ट्रेन धरून जो चिंक्वे तेर्रे पास मिळतो तो लेवान्तो ते ला स्पेत्सिया एवढ्यालाच लागू आहे, सेस्त्रीहून लेवान्तोपर्यंतचं तिकीट वेगळं काढा. पाऊस लागला तर जेनोवाचं मत्स्यालय आहे, युरोपातल्या मोठ्यांपैकी एक, अर्धा दिवस सहज जातो. खाणं तर आपल्यासाठी फारच सोयीचं, पेस्तो म्हणजे बेसिलची चटणी आहे, फोकाच्चा हा तेल लावलेला पाव आहे, आणि 'फारिनाता' म्हणजे भट्टीत भाजलेलं बेसनाचं जाड धिरडंच हो! सासूबाई या वेळी नव्हत्या याची मला तिथे रोज हळहळ वाटली. खर्च मात्र रिमिनीपेक्षा जास्त, आमच्या हिशोबात राहणं आणि बीच मिळून दीडपट गेला.

अमाल्फी म्हणजे दक्षिणेकडचा, नेपल्सजवळचा किनारा, त्याबद्दल थोडक्यात सांगते. लहान मुलांना घेऊन पोझितानोत राहू नका. रस्ता एकच, अरुंद, वळणावळणाचा, धाकट्याला दोनदा उलटी झाली आणि तिसऱ्या दिवशी तो बस बघूनच रडायला लागला. उन्हाळ्यात ठरावीक दिवशी तिथे सम-विषम नंबरप्लेटचा नियम असतो, त्यामुळे गाडी नेऊनही सुख नाही. सोरेंतो सुंदर आहे पण तिथे खरा बीच जवळजवळ नाहीच, पाण्यावर बांधलेल्या लाकडी फळ्यांवरून उतरायचं. जायचंच असेल तर मायोरी बघा, तिथला बीच या किनाऱ्यावरचा सगळ्यात लांब आणि गावही त्यातल्या त्यात सपाट. नाहीतर सालेर्नोला राहून बोटीने अमाल्फीला जा, वळणं टळतात आणि खरा नजारा बोटीतूनच दिसतो.

पण एका गोष्टीसाठी मी तिकडे पुन्हा जाईन, पॉम्पेई. इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेलेलं शहर, लेक तेव्हा 9 ची, बेकरीची भट्टी आणि रस्त्यावरच्या रथाच्या चाकोऱ्या बघून तिचे प्रश्न संपेनात. 18 खालच्यांना तिकिटाचे पैसे पडत नाहीत. आता दिवसाला 20,000 लोकांचीच मर्यादा आहे आणि तिकिटावर नाव असतं, म्हणून आधी बुक करा, ओळखपत्रं न्या, सकाळी उघडताच आत शिरा. सावली नावालाच आहे.

कधी जायचं? 15 ऑगस्टला इटलीत फेर्रागोस्तोची सार्वजनिक सुट्टी, त्याच्या आगेमागे अख्खी इटली समुद्रावर, भाव आणि गर्दी दोन्ही टोकाला. आमच्या बायर्न राज्यात शाळांची मोठी सुट्टीच नेमकी ऑगस्टच्या सुमारास सुरू होते, म्हणून आम्ही आता पेंटेकॉस्टच्या (मे-जूनमधल्या ख्रिस्ती सणाच्या) दोन आठवड्यांच्या सुट्टीत जातो किंवा सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात. सप्टेंबरात पाणी अजून कोमट असतं. मे-जूनच्या सुरुवातीला गार, मोठ्यांना चालतं, दोन वर्षांचं पोर पाच मिनिटांत कुडकुडतं. भारतातून मे महिन्याच्या सुट्टीत येणाऱ्यांनी हे धरूनच ठरवा. शेंगेन व्हिसाचा अर्ज 6 महिने आधीपासून करता येतो, फी मोठ्यांना 90 युरो, 6 ते 11 वयाला 45, सहाच्या खाली नाही.

गाडीने जाणार असाल तर इटलीतल्या गावांच्या मध्यात बाहेरच्या गाड्यांना बंदी असलेला भाग असतो, त्यावर कॅमेऱ्याची नजर असते, पाटीवर झेड-टी-एल लिहिलेलं. चुकून शिरलात तर काही महिन्यांनी घरी दंड येतो. हॉटेल आत असेल तर गाडीचा नंबर त्यांना आधीच कळवा. शनिवारी ऑस्ट्रिया-इटली सीमेवरच्या ब्रेनर घाटात ट्रॅफिक ठरलेला, आम्ही पहाटे 3 ला निघतो, मुलं झोपेतच डोंगर पार करतात.

तर माझं सरळ उत्तर असं. मूल 5 च्या आत किंवा आजी-आजोबा बरोबर, तर दुसरा विचारच करू नका, चेझेनातिको किंवा बेल्लारिया. मुलं 7-8 च्या पुढची आणि पोहणारी, तर सेस्त्री लेवान्ते. अमाल्फी बाराच्या पुढे, आणि तेही जून किंवा सप्टेंबरात. एक 3 चं आणि एक 10 चं असेल तर लहानाच्या बाजूने जा, दहाचं मूल उथळ पाण्यातही खेळ शोधतं, तिनाचं मूल खोल पाण्यात काही शोधू शकत नाही.

आमचं यंदा परत चेझेनातिको ठरलंय. सासू-सासरे येतायत, कालव्याजवळचं तळमजल्यावरचं घर मिळालंय, स्वयंपाकघरासकट, आणि सासूबाईंनी आत्तापासून मेतकूट आणि थालीपिठाची भाजणी बांधून ठेवलीये.