१८० चा फरक: पहिली नोकरी ऑडिट फर्ममध्ये की कंपनीच्या अकाउंट्समध्ये?

कॉमर्सची पदवी हातात आहे, अनुभव शून्य आहे आणि दोन दारं दिसतायत: एखादी ऑडिट फर्म, नाहीतर एखाद्या कंपनीचं अकाउंट्स खातं. मी दोन्हीकडे काम केलंय, आधी फर्ममध्ये आणि मग कंपनीत. त्यामुळे माझं मत थोडं एका बाजूला झुकलेलं असणार, हे धरूनच वाचा.

आत शिरणं फर्ममध्ये सोपं, यात वाद नाही. ऑडिटचा हंगाम जवळ आला की त्यांना माणसं लागतात, आणि नवखी चालतात. कच्च्या पोराला घेऊन घडवायचं हे त्यांच्या कामातच बसतं. कंपनीच्या जाहिरातीत मात्र ‘किमान दोन वर्षांचा अनुभव’ असतोच, अगदी बिलं भरण्याच्या कामालासुद्धा. तिथे पुढच्या दाराने क्वचितच आत जाता येतं. कोणी लांबच्या रजेवर जातं, वर्षअखेरीला दोन हात कमी पडतात, जुन्या सॉफ्टवेअरमधला डेटा नव्यात न्यायचा असतो, अशी तीन-चार महिन्यांची कामं निघतात. मीही असाच आत गेलो. त्या कामाला कायमची नोकरी म्हणत नाहीत म्हणून बरेच जण ते नाकारतात, आणि तुमच्यासाठी जागा राहते ती त्यामुळेच.

मुलाखतीत दोन्हीकडे मला एकच प्रश्न आला होता: “तुमच्या वहीत बँक नावे दिसते आणि बँकेच्या उताऱ्यात तेच पैसे जमा दिसतात, असं का?” पाठ केलेले नियम इथे उपयोगी पडत नाहीत. बँकेत ठेवलेला पैसा तुमच्यासाठी येणं आहे, बँकेसाठी देणं. ती तिच्या वहीतून बोलते आणि तिच्या वहीत तुम्ही धनको. एवढं शांतपणे सांगता आलं की समोरचा माणूस पदवीचे गुण बघायचं विसरतो. अनुभवाच्या रकान्यातही ‘एक्सेल येतं’ लिहिण्यापेक्षा एखाद्या छोट्या संस्थेच्या बारा महिन्यांच्या बँक उताऱ्यांचा वहीशी मेळ घातला असेल तर तेच लिहा. बिनपगारी असलं तरी ते काम आहे.

फर्मची बाजू प्रामाणिकपणे सांगायची तर तिथे विविधता भरपूर. एका वर्षात मी कारखाना पाहिला, वाहतूकवाले पाहिले, एक शिक्षणसंस्था पाहिली. तेरजेपासून (सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी) ताळेबंदापर्यंतचा सगळा रस्ता लवकर दिसतो. सनदी लेखापालाच्या (सीएच्या) परीक्षा द्यायच्या असतील आणि त्यासाठी फर्ममधली उमेदवारी सक्तीची असेल, तर मग विचार कसला करताय? हा लेखही पुढे वाचायची गरज नाही. फर्ममधून कंपनीत जाणं सहसा सोपं जातं, उलटा प्रवास मी तरी फारसा पाहिलेला नाही. कामाचे तास म्हणाल, तर हंगामात फर्म पिळून काढते आणि महिनाअखेरीला कंपनी. फार फरक करू नका.

माझा निर्णय झाला तो एका किरकोळ गोष्टीमुळे. एका ग्राहकाच्या बँक मेळपत्रकात १८० चा फरक होता. १८० ला नऊने नि:शेष भाग जातो, म्हणजे आकड्यांची अदलाबदल झाल्याचा संशय घ्यायला जागा. त्यातही भागाकार वीस येतो, म्हणजे बहुधा शतक आणि दशकाचे आकडे उलटे पडलेत आणि त्या दोघांत दोनचं अंतर आहे. ७,६४० च्या जागी ७,४६० असं काहीतरी. कुठे बघायचं हे मला जवळजवळ ठाऊक होतं, अर्धा तास हवा होता फक्त. सीनियरने फाईलवर नजर टाकली आणि म्हणाला, “अरे, सोड ते. मटेरिअल नाही.”

त्याचं बरोबर होतं. ऑडिटमध्ये किती मोठा फरक महत्त्वाचा, म्हणजे ‘मटेरिअल’, धरायचा याची एक मर्यादा ठरवलेली असते, तिच्या खूप खालचा एखादा फरक नोंद करून सोडून देतात. नाहीतर एकही फाईल कधी संपणार नाही. पण तो फरक आजही माझ्या डोक्यात आहे. पुढच्या आठवड्यात आम्ही दुसऱ्या ग्राहकाकडे होतो. आणि हे दर वेळी व्हायचं. माझी फाईल वर जायची, वर कोणीतरी दुरुस्त करायचं, आणि माझं काय चुकलं होतं ते मला कळायचंच नाही. अनुभवी माणसाला याचं काही वाटत नसेल. नवख्याला मात्र किरकोळ फरकांतूनच धंदा कळतो, आणि तिथे नेमके तेच हातातून काढून घेतले जायचे. कदाचित मला भेटलेली फर्मच तशी असेल.

कंपनीत याच्या बरोबर उलटं. तिसऱ्याच महिन्यात मी एक बिल दोनदा भरलं. पुरवठादाराच्या बिलावर क्रमांक होता ००४५७, मी तो तसाच टाकला होता. काही दिवसांनी त्याच बिलाची प्रत यादीबरोबर आली. ती यादी एक्सेलमधून गेली आणि एक्सेलने पुढची दोन शून्यं गिळली. सिस्टीमला ४५७ हे वेगळंच बिल वाटलं. (पंधरापेक्षा जास्त अंकांचे खाते क्रमांकही एक्सेलमध्ये आकडा म्हणून टाकू नका, शेवटचे अंक शून्य होतात.) मालाचं बिल असतं तर ऑर्डर, माल मिळाल्याची नोंद आणि बिल असे तीन कागद जुळवताना ते अडलं असतं. हे होतं दुरुस्तीच्या कामाचं, त्याला मालाची पावती कुठली?

पुरवठादाराचा खातेउतारा आला तेव्हा उघडकीस आलं. आमच्या खात्यातल्या मॅडम ओरडल्या नाहीत. त्यांनी उतारा माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाल्या, “पत्र तूच लिही, पैसे परत येईपर्यंत फोनही तूच कर.” पाच आठवडे लागले. दर महिन्याच्या मेळात ती ओळ माझ्याकडे बघत बसायची. त्या पाच आठवड्यांत पुरवठादारांच्या खात्यांबद्दल जे कळलं, ते मला फर्ममधल्या अख्ख्या वर्षात कळलं नव्हतं.

तोटेही सांगतो. कंपनी मोठी असेल तर दोन वर्षं नुसती बिलंच भरत राहाल, विक्रीची बाजू दिसणारही नाही, आणि पगारपत्रक तर दुसऱ्या मजल्यावर. म्हणून त्यातल्या त्यात लहान कंपनी बघा, जिथे तीन-चार माणसांत सगळं खातं चालतं आणि बँकेचा मेळ नवख्याच्या गळ्यात पडतो. पगार फर्मइतकाच, कधी थोडा कमीही.

तरीही, सनद डोळ्यांपुढे नसेल तर मी कंपनीचं ते चार महिन्यांचं तात्पुरतं काम आधी घेईन. फक्त मुलाखतीच्या शेवटी, ‘तुम्हाला काही विचारायचंय का’ असं म्हणतात ना, तेव्हा एवढं विचारा: इथे बँकेचा मेळ कोण घालतं, आणि फरक राहिला तर काय करता? एका ठिकाणी मला हसत उत्तर मिळालं होतं, “सस्पेन्सला टाकतो, वर्षअखेरीला बघतो.” म्हणजे कारण न शोधता फरक एका तात्पुरत्या खात्यात ढकलायचा. पगार तिथे सगळ्यांत जास्त होता. मी गेलो नाही.