जॉब शेड्युलरसाठी पोस्टग्रेस : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

हप्त्याची आठवण करून देणारे एसएमएस, रात्रीचे रिपोर्ट, ग्राहकांच्या सिस्टीमकडे जाणारे वेबहुक (काही घडलं की आपोआप जाणारे संदेश). आमचा शेड्युलर, म्हणजे ठरलेली कामं (जॉब) ठरलेल्या वेळी चालवणारा प्रोग्रॅम, एवढंच करतो, पण एखादा सर्व्हर मध्यरात्री बसला तरी सगळं वेळेवर झालंच पाहिजे, ही अट आहे. आधी हे काम एका मशीनवरच्या क्रॉनकडे (वेळापत्रकानुसार कमांड चालवणाऱ्या साध्या सोयीकडे) होतं. नवीन व्यवस्थेत डेटाबेस कोणता घ्यायचा यावर टीममध्ये भरपूर खल झाला आणि पोस्टग्रेस डेटाबेस, त्यावर पॅट्रोनी (मुख्य सर्व्हर पडला की दुसऱ्याला पुढे आणणारं टूल), तीन नोड म्हणजे सर्व्हर असं ठरलं. आता बरेच महिने प्रत्यक्ष लोड त्यावर आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

जे घेतलं नाही, त्याबद्दल आधी. रेडिस हा मेमरीत चालणारा डेटाबेस; त्याच्या वेगाबद्दल वाद नाही, पण त्याचं रेप्लिकेशन असिंक्रोनस आहे, म्हणजे दुसऱ्या सर्व्हरवरची प्रत मागाहून होते. प्रायमरीने (मुख्य सर्व्हरने) ‘लिहिलं’ म्हणून सांगितलं आणि रेप्लिकापर्यंत (प्रत ठेवणाऱ्या सर्व्हरपर्यंत) पोचायच्या आत तोच गेला, की ती नोंद गेली. कॅशला (तात्पुरत्या साठ्याला) हे चालतं, हप्त्याच्या आठवणीला नाही. कॅसँड्रा या डेटाबेसमध्ये पुसलेल्या ओळीचा टूमस्टोन (‘ही ओळ पुसली’ अशी खूण) डीफॉल्टने १० दिवस राहतो, आणि जॉबच्या रांगेत तर सतत पुसापुशीच चालते. पुढचा जॉब शोधायचा तो त्या ढिगाऱ्यातून. एटसीडी हा छोट्या नोंदींचा साठा लीडर (मुख्य सर्व्हर) निवडायला उत्तम, पण त्याची डीफॉल्ट मर्यादा २ जीबी. जॉबचा इतिहास तिथे मावणार नाही.

खरी चुरस गॅलेराशी, म्हणजे मायएसक्यूएलच्या क्लस्टरशी, होती. तिन्ही नोडवर लिहिता येतं, हे ऐकायला फार छान वाटतं. पण तिथे ओळीवरचं लॉक त्या नोडपुरतंच असतं. दोन नोडवरच्या दोन वर्करनी (जॉब उचलून चालवणाऱ्या प्रोसेसनी) एकच जॉब धरला, तर एकाला थेट कमिटच्या (बदल पक्का करण्याच्या) क्षणी डेडलॉकची, म्हणजे टक्कर झाल्याची, एरर मिळते. डेटा बिघडत नाही, हे खरं. पण शेड्युलरमध्ये सगळे वर्कर त्याच पहिल्या काही ओळींसाठी धडपडत असतात, त्यामुळे हे अधूनमधून नाही, सतत होतं. मग सगळं लिखाण एकाच नोडकडे वळवा, असा उपाय निघतो. तसंच करायचं तर गॅलेरा कशाला?

पोस्टग्रेसमध्ये ‘फॉर अपडेट स्किप लॉक्ड’ आहे, ९.५ आवृत्तीपासून, म्हणजे २०१६ पासून. दुसऱ्याने धरलेल्या ओळीसाठी वर्कर थांबत नाही, ती सोडून पुढची उचलतो. मायएसक्यूएल ८.० मध्येही ही सोय आहे, त्यामुळे निर्णय एवढ्यावर झाला नाही. आमचा बाकीचा सगळा डेटा पोस्टग्रेसमध्येच होता, आणि मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच. कर्जाची नोंद आणि तिच्या आठवणीचा जॉब एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये जातात, म्हणजे दोन्ही होतात किंवा एकही होत नाही. नोंद रोलबॅक (रद्द) झाली, तर जॉब जन्मालाच येत नाही. रांग वेगळ्या सिस्टीममध्ये असती, तर ही हमी मिळवायला किती कोड लिहावा लागला असता, ते ज्यांनी लिहिलाय त्यांना विचारा.

पण लॉक धरून एसएमएस पाठवत बसायचं नाही. जॉब उचलायचा, त्यावर मुदत आणि प्रयत्नाचा क्रमांक लिहून लगेच कमिट करायचं, मग काम. मुदत संपली की दुसरा वर्कर तोच जॉब उचलतो आणि क्रमांक एकने वाढतो. पहिला वर्कर मेलेला नसतो, गार्बेज कलेक्शनमध्ये (प्रोग्रॅमच्या मेमरीच्या सफाईत) अडकलेला असतो, आणि जागा होऊन ‘झालं’ लिहायला येतो. अपडेटच्या अटीत जुना क्रमांक असल्यामुळे त्याला शून्य ओळी सापडतात आणि तो गप बाजूला होतो. तरी एसएमएस दोनदा जाऊ शकतो. ते थांबवायचं, तर एसएमएस पाठवणाऱ्या समोरच्या गेटवेने एकच आयडी दुसऱ्यांदा आल्यावर नाकारायला हवा. हे कुठलाच डेटाबेस करून देणार नाही.

फेलओव्हरचं (प्रायमरी पडल्यावर दुसऱ्याने जागा घेण्याचं) सांगायचं, तर एका रात्री प्रायमरीचा होस्टच गेला. ‘लीडर कोण’ ही किल्ली पॅट्रोनी एटसीडीत ठेवतो आणि तिची मुदत डीफॉल्टने ३० सेकंद असते. ती संपली, स्टँडबाय (तयार असलेला रेप्लिका) पुढे आला, वर्कर पुन्हा जोडले गेले, अर्धवट जॉब मुदतीनंतर आपोआप उचलले गेले. कोणाला उठवावं लागलं नाही. सिंक्रोनस मोड (स्टँडबायवर लिहिल्याशिवाय कमिट पूर्ण न मानणारा) चालू होता म्हणून हे निर्धास्तपणे सांगता येतं. दोनच नोडवर मात्र हा मोड कडक करू नका, स्टँडबाय पडला की लिखाणच थांबतं. आणि एटसीडीला वेगळी डिस्क द्या. लोड टेस्टमध्ये आम्ही मुद्दाम एटसीडी आणि पोस्टग्रेस दोघांना एका डिस्कवर ठेवून पाहिलं. एटसीडीचे एफसिंक (डिस्कवर पक्कं लिहिणं) रेंगाळले, पॅट्रोनीला किल्लीचं नूतनीकरण करता येईना, आणि धडधाकट प्रायमरी स्वतःहून पायउतार झाला.

त्रास झाला तो व्हॅक्यूमचा, म्हणजे पोस्टग्रेसमधल्या जुन्या ओळींच्या सफाईचा. एका जॉबची ओळ दोन-तीनदा बदलते आणि प्रत्येक वेळी जुनी प्रत मागे राहते. एकदा एक लांबलचक रिपोर्ट प्रायमरीवर तासन्‌तास चालला. तो संपेपर्यंत त्यानंतरच्या मृत ओळी (मागे राहिलेल्या जुन्या प्रती) व्हॅक्यूमला हटवता येत नाहीत. मिलिसेकंदांत होणारी जॉब उचलण्याची क्वेरी सेकंदांवर गेली. सीपीयू चढलेला, जॉब तुंबलेले, आणि एररच्या लॉगमध्ये काही नाही. तेव्हापासून त्या टेबलपुरता ऑटोव्हॅक्यूमचा स्केल फॅक्टर (टेबलचा किती भाग बदलल्यावर सफाई सुरू करायची ते) ०.२ वरून ०.०१ वर आणलाय, संपलेले जॉब रोजच्या पार्टिशनमध्ये (टेबलच्या वेगळ्या तुकड्यात) जातात आणि जुनं पार्टिशन सरळ ड्रॉप होतं. रिपोर्ट रेप्लिकावर चालतात, तेही ‘हॉट स्टँडबाय फीडबॅक’ ही सेटिंग बंद ठेवून; तो चालू असला, तर रेप्लिकावरची क्वेरीही प्रायमरीची सफाई अडवते.

अमेरिकेतले ग्राहक असतील, तर क्रॉनचा नियम टाइमझोनच्या नावासकट साठवा, नुसता यूटीसीपासूनचा (जागतिक प्रमाणवेळेपासूनचा) फरक पुरत नाही. न्यूयॉर्कला मार्चमध्ये एका रविवारी पहाटेचे अडीच वाजतच नाहीत, आणि नोव्हेंबरमध्ये दीड दोनदा वाजतो. आपल्याकडे घड्याळ कधी बदलत नाही, त्यामुळे टेस्ट लिहिताना हे सुचतच नाही.

सेकंदाला लाखभर जॉब असतील, तर मी हा मार्ग सुचवणार नाही. आमचा लोड त्याच्या जवळपासही नाही. आमच्यापुढे आता मेजर व्हर्जनचं अपग्रेड आहे. पीजी-अपग्रेड हे पोस्टग्रेसचं टूल वापरायचं तर थोडा वेळ सगळं बंद ठेवावं लागेल. लॉजिकल रेप्लिकेशनने (नव्या आवृत्तीच्या सर्व्हरवर बदल पाठवत राहून) करायचं, तर आमच्या आवृत्तीत सिक्वेन्सचे (आपोआप वाढणाऱ्या क्रमांकांचे) आकडे सोबत जात नाहीत, ते हाताने पुढे सरकवावे लागतील. सध्या दुसऱ्या मार्गाची तालीम स्टेजिंगवर (चाचणीच्या सर्व्हरवर) चालू आहे.