प्रकरणनिहाय शब्दमोजणीसाठी कॅलिबर : काही महिन्यांच्या वापरानंतर

मी अंध श्रोत्यांसाठी मराठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करते, कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या घरातच. एका बैठकीत किती होईल हे ठरवायला प्रकरणाचे शब्द आधी माहीत हवेत. माझी चाल मिनिटाला साधारण १०० शब्दांची. म्हणजे ४,००० शब्दांना ४० मिनिटं, आणि इतका सलग निवांतपणा इथे पहाटेच मिळतो.

कोविद गोयल यांनी २००६ मध्ये सुरू केलेलं कॅलिबर हे ई-पुस्तकं हाताळायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, मुक्त-स्रोत आहे. पुस्तक निवडून 'एडिट बुक' उघडायचं, मग टूल्समधलं 'रिपोर्ट्स'. फाइल्सच्या यादीत प्रत्येक फाइलसमोर शब्दसंख्या येते. बस्स. आधी एकेक प्रकरण लिब्रेऑफिसमध्ये चिकटवून मोजण्यात संध्याकाळ जायची.

मला सगळ्यात भावलं ते मराठीचं भान. भाच्याने पायथन या संगणकभाषेत लिहून दिलेली शब्द मोजायची स्क्रिप्ट काना-मात्रा-वेलांटीला अक्षरच मानत नव्हती, त्यामुळे 'कोल्हापूर'चे क, ल, ह, प, र असे पाच शब्द व्हायचे! आकडा कुठच्या कुठे जायचा. कॅलिबरमध्ये शब्द अखंड राहतो.

पण एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: कॅलिबर फाइल मोजतं, प्रकरण नव्हे. इपब हा ई-पुस्तकाचा फाइल-प्रकार म्हणजे अनेक छोट्या फाइलींची झिप, एकत्र बांधलेलं गाठोडंच. कॅलिबरनेच इपब बनवताना २६० केबीपेक्षा मोठी फाइल आपोआप तोडली जाते. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइट खातं, रोमन अक्षर एकच. म्हणून आपली लांबलचक प्रकरणं ही मर्यादा फार लवकर गाठतात आणि एका प्रकरणाचे दोन आकडे दिसतात. रूपांतराच्या वेळी इपब आउटपुटमध्ये ती मर्यादा ० केली की आकारावरून तोडणं बंद होतं. उलट काही पुस्तकांत दोन-तीन प्रकरणं एकाच फाइलीत कोंबलेली असतात; तिथे एडिटरमध्ये कर्सर ठेवून फाइल तोडावी लागते. मी हे नेहमी पुस्तकाच्या प्रतीवर करते, मूळ फाइल तशीच ठेवते.

'काउंट पेजेस' हे प्लगइनही लोक सुचवतात. ते अख्ख्या पुस्तकाचे शब्द देतं, माझ्या कामाला अपुरं. त्यातले वाचनसुलभतेचे फ्लेश गुण तर इंग्रजीच्या हिशेबाने बेतलेले, मराठीसाठी ते बघूच नका.

पीडीएफ एडिटरमध्ये उघडत नाही. इपब किंवा एझेडडब्ल्यू३ (किंडलचा फाइल-प्रकार) लागतं. स्कॅन केलेल्या जुन्या पुस्तकांसाठी आधी ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर बनवणं) करून मुद्रितं तपासण्याला पर्याय नाही.