वॉरंट शोधून देतो म्हणून पैसे उकळणाऱ्या साइट्सपासून सावध राहा

मंडळी, अमेरिकेतल्या, खास करून टेक्सासमधल्या आपल्या लोकांसाठी हे लिहितेय. आपल्या नावावर अटक वॉरंट निघालंय का हे बघायला इथे एक पैसाही लागत नाही. आमच्याकडून मात्र त्याचे पैसे घेतले गेले, आणि ज्या पद्धतीने घेतले ते आठवलं की अजून संताप होतो.

आम्ही केटीला राहतो, ह्यूस्टनच्या पश्चिमेला. मिस्टरांना फोन आला, स्क्रीनवर शेरीफ ऑफिसचं (म्हणजे काउंटीच्या, इथल्या जिल्ह्याच्या पोलिसांचं) नाव, बोलणारा अगदी शांत आवाजात म्हणाला तुम्ही ज्युरी ड्यूटीला (खटल्यात निकाल द्यायला नागरिकांना कोर्टात बसावं लागतं ते काम) आला नाहीत, जजने वॉरंट काढलंय, आजच्या आज बाँड, म्हणजे जामिनाचे पैसे भरा नाहीतर अटक होईल, फोन ठेवायचा नाही आणि घरात कुणाला सांगायचं नाही. बाँड कुठे भरायचा तर गॅस स्टेशनवरच्या बिटकॉइन एटीएममध्ये! तिथेच ह्यांनी फोन कट केला. कुठलंही कोर्ट असे पैसे घेत नाही, आणि स्क्रीनवर दिसणारा नंबर खोटा दाखवता येतो हेही लक्षात ठेवा.

पण शंका काही जाईना, कारण ज्युरीचं पत्र आम्हाला खरंच आलं होतं. टेक्सासमध्ये ज्युरीसाठी नावं मतदार यादीबरोबर ड्रायव्हिंग लायसन्सच्या यादीतूनही काढतात, त्यामुळे सिटिझन नसलेल्यांनाही पत्र येतं. आपण सिटिझन नाही अशी खूण करून ते परत पाठवायचं, विषय संपला. (पाठवा मात्र नक्की, आणि चुकूनही सिटिझन आहे अशी खूण करू नका, इमिग्रेशनच्या दृष्टीने ते फार महागात पडतं.) आम्ही पाठवलं होतं, पण पोचलं की नाही कोण सांगणार? आणि एच-वनवरच्या, म्हणजे नोकरीच्या व्हिसावरच्या माणसाला अटक हा शब्द ऐकून काय होतं ते इथल्यांना सांगायला नको, व्हिसा, नोकरी, मुलांची शाळा सगळं एकदम डोळ्यांसमोर येतं.

मग गूगलवर हॅरिस काउंटी वॉरंट सर्च असं टाकलं. वर आल्या त्या सगळ्या जाहिराती. त्यातल्या एका साइटवर काउंटीचं नाव मोठ्ठं, बाजूला न्यायालयाचा तराजू, बघणाऱ्याला वाटावं सरकारीच आहे. नाव टाकलं की पट्टी सरकत राहते, कोर्ट रेकॉर्ड तपासतोय, जेल रेकॉर्ड तपासतोय, मधेच लाल अक्षरात इशारा की धक्कादायक माहिती सापडू शकते, मानसिक तयारी ठेवा. शेवटी, या नावाचं रेकॉर्ड सापडलं, रिपोर्ट बघायला एक डॉलर. घाबरलेला माणूस एक डॉलरसाठी थांबतो का? कार्ड टाकल्यावर जो रिपोर्ट आला त्यात आमचे जुने पत्ते, आणि खाली आमच्याच आडनावाचा दुसऱ्याच राज्यातला कुणीतरी, त्याचं कधीकाळचं ट्रॅफिक तिकीट, म्हणजे वाहतुकीचा दंड. पाटील, जोशी, शाह अशी आडनावं इथे हजारोंनी आहेत, जन्मतारीख जुळतेय का हेसुद्धा तपासलेलं नव्हतं. वॉरंटबद्दल एक ओळ नाही. पुढे कार्डवर दर महिन्याला तीसेक डॉलर जायला लागले, कारण तो एक डॉलर ट्रायल सबस्क्रिप्शनचा होता आणि तसं लिहिलं होतं बटणाच्या खाली, फिकट बारीक अक्षरात.

हे फक्त आमच्याच बाबतीत झालं असं नाही. या धंद्यातल्या दोन मोठ्या साइट्सवर एफटीसीने, म्हणजे ग्राहकांची फसवणूक बघणाऱ्या सरकारी खात्याने, २०२३ मध्ये कारवाई केली. गुन्ह्याचं रेकॉर्ड असू शकतं असं दाखवून पैसे भरायला लावायचे आणि आत बऱ्याचदा नुसतं ट्रॅफिक तिकीट, हाच आरोप होता, आणि ५८ लाख डॉलर भरून ते प्रकरण मिटलं. आमची साइट वेगळी, पण रीत तीच.

आता खरं कुठे बघायचं ते. सगळ्या अमेरिकेची एक वॉरंट यादी सामान्य माणसाला उघडी नाहीये, जी आहे ती फक्त पोलिसांसाठी. त्यामुळे कुठली काउंटी आणि कुठलं कोर्ट हे आधी ठरवावं लागतं. टेक्सासमध्ये २५४ काउंट्या आहेत आणि आमचं केटी एकटं हॅरिस, फोर्ट बेंड आणि वॉलर अशा तिघांत पसरलंय, म्हणजे पत्ता केटीचा असला तरी कोर्ट कुठलंही असू शकतं. हॅरिसमध्ये मोठ्या गुन्ह्यांच्या केसेस डिस्ट्रिक्ट क्लर्ककडे (कोर्टाचं रेकॉर्ड ठेवणारं ऑफिस), काउंटीतली साधी तिकिटं जस्टिस ऑफ द पीसकडे (छोट्या केसेसचं कोर्ट), आणि ह्यूस्टन शहराची तिकिटं महापालिकेच्या कोर्टात, तिन्हींच्या साइट वेगळ्या. बऱ्याच वेळा आपल्या लोकांचं वॉरंट असतं ते विसरलेल्या स्पीडिंग तिकिटाचं, म्हणून शेवटची दोन ठिकाणं आधी बघा. नाव उलटसुलट करून बघा, वडिलांचं नाव मधे घालून आणि न घालता, कारण आपली नावं इथे कशीही चढवतात. साइटचा पत्ता सरकारी डॉट गव्हने संपत नाही म्हणजे ती खोटी असंही नाही, हॅरिसच्या डिस्ट्रिक्ट क्लर्कची खरी साइट डॉट कॉम आहे, म्हणून काउंटीच्या मुख्य साइटवरूनच आत जा, गूगलच्या जाहिरातीवरून नको. ऑनलाइन दिसलं नाही म्हणजे नाहीच असंही नसतं, काही वॉरंट बजावेपर्यंत उघड करत नाहीत. क्लर्कच्या ऑफिसला फोन करून विचारता येतं, आम्ही शेवटी तेच केलं, तिथल्या बाईंनी जन्मतारीख विचारून बघितलं आणि सांगितलं काहीही नाही. त्याचे पैसे लागले नाहीत.

वॉरंट खरंच निघालं तर शेरीफच्या काउंटरवर चौकशीला जाऊ नका, तिथेच अटक होऊ शकते. आधी वकील, आणि व्हिसावर असाल तर इमिग्रेशनच्या वकिलालाही विचारा.

ज्यांचे पैसे असे गेलेत त्यांनी आधी सबस्क्रिप्शन बंद करून त्याचा ईमेल जपून ठेवा, मग क्रेडिट कार्डच्या बँकेत डिस्प्यूट, म्हणजे हा खर्च मान्य नाही अशी तक्रार टाका. स्टेटमेंट निघाल्यापासून ६० दिवसांच्या आत कळवावं लागतं, त्यामुळे वाट बघत बसू नका. आम्हाला महिन्याचे पैसे परत मिळाले. फोनवाल्याची आणि साइटची, दोघांची तक्रार एफटीसीकडे ऑनलाइन करता येते, आम्ही दोन्ही केल्यात.