स्टीफन किंगचा चकवा: जून ते डिसेंबर

जूनमध्ये हे पुस्तक आणलं ते भाचीसाठी. ती तेरा वर्षांची, भुताखेतांच्या गोष्टींची वेडी. स्टीफन किंगचं ‘द गर्ल हू लव्हड टॉम गॉर्डन’, १९९९ चं. किशोरांसाठी म्हणून लिहिलेलं नाही, पण नायिका नऊ वर्षांची आणि पानं अडीचशेच्या आसपास, म्हणून म्हटलं झेपेल. (किंगच्या बाकीच्या काही कादंबऱ्या डोक्याखाली उशी म्हणून चालतील.) चाळीस पानांवर तिने ते परत आणून दिलं. “आत्या, यात काही होतच नाही गं. ती नुसती चालतेय!”

तिचं चुकलं नव्हतं. पुस्तकभर ट्रिशा नावाची ही मुलगी मुख्यतः चालतेच. जागा अमेरिकेतली, मेन आणि न्यू हॅम्पशायर या राज्यांच्या हद्दीवरची. तिथून अ‍ॅपलाचियन ट्रेल जाते. जॉर्जियापासून मेनपर्यंत १४ राज्यांतून साडेतीन हजार किलोमीटर जाणारी पायवाट ती, त्यातला छोटासा तुकडा या मायलेकरांना एका दिवसात चालायचा असतो. आईवडिलांचा घटस्फोट झालेला, आई आणि मोठा भाऊ वाटभर भांडतायत, मागून येणाऱ्या मुलीकडे कुणाचं लक्ष नाही. तिला लघवीला जायचं असतं. एका फाट्यावर ती दुसऱ्या वाटेने थोडं आत जाते, आणि परत येताना आली तशी मागे न वळता मधल्या झाडीतून आडवी तोडते. त्रिकोणाची तिसरी बाजू, अजून काय! इतकंच घडतं, आणि तेवढ्यावर सगळी कादंबरी उभी आहे.

परत आलेलं पुस्तक मग मीच घेतलं. जुलैभर रात्री दहा-बारा पानं. पहिल्या आठवड्यात मलाही जांभया आल्या. मग कधीतरी लक्षात आलं की मी मनातल्या मनात तिचा डबा मोजतेय. उकडलेलं अंडं संपलं, सँडविच संपलं, आता चिप्स किती उरले? संथपणाचं काम हेच. भरधाव गोष्टीत भूक एका वाक्यात उरकते. इथे ती आपल्यालाही लागते. डास, गांधीलमाश्यांचे डंख, त्यावर थापलेला चिखल, ओढ्याचं पाणी पिऊन झालेले हाल, हे सगळं किंग सावकाश, अंगावर येईल असं लिहितो. झाडाच्या खोडावरचे ओरखडे, मरून पडलेलं हरीण, झोपेतून उठल्यावर आपल्याभोवती कुणीतरी उमटवलेलं वर्तुळ या गोष्टी मोजक्याच जागी येतात. पण तोवर आपण इतके दमलेले असतो की ते जनावर आहे, ताप आहे की ट्रिशा म्हणते तो ‘हरवलेल्यांचा देव’ आहे, हे ठरवायचं त्राणच उरत नाही.

आपल्याकडे याला शब्द आहे: चकवा. आमची आजी रत्नागिरीकडची. तिच्या गोष्टींत चकवा लागलेला माणूस रात्रभर चालायचा आणि उजाडताना त्याच आंब्याखाली असायचा. उपाय विचारला की म्हणायची, “होतं तिथेच बसावं. घोटभर पाणी प्यावं. उजाडेपर्यंत हलू नये.” अमेरिकेतही १९८१ पासून मुलांना हेच शिकवतात, हरवलात तर एखादं झाड धरा आणि तिथेच थांबा. ट्रिशा थांबत नाही. ती हुशार आहे, तीच गोम आहे. पाण्याच्या कडेकडेने गेलं की माणसं भेटतात हे तिला ठाऊक असतं, आणि ते ठाऊक असणंच तिला दलदलीत नेऊन सोडतं. दुसऱ्यांदा वाचताना मी हिशोब मांडला. तिचा जवळजवळ प्रत्येक निर्णय तिच्या जागी मीही घेतला असता.

आता बेसबॉल. पुस्तकात धडे किंवा भाग नाहीत, डाव आहेत, बेसबॉलच्या सामन्यासारखे नऊ. टॉम गॉर्डन हा तेव्हाचा बोस्टन रेड सॉक्स संघाचा खराखुरा खेळाडू. शेवटी येऊन सामना वाचवणारा, आपल्या भाषेत डेथ ओव्हर्सचा बोलर. १९९८ मध्ये त्याने ४६ सामने असे वाचवले. काम फत्ते झालं की तो आकाशाकडे बोट दाखवायचा. शतकानंतर वर पाहणारा सचिन ज्यांनी पाहिलाय त्यांना हे समजावून सांगायला नको. ट्रिशाकडे वॉकमन असतो आणि रात्री ती त्यावर सामन्याचं धावतं वर्णन ऐकते, बॅटरी जपून जपून. लोडशेडिंगच्या रात्री ट्रान्झिस्टर कानाला लावून कॉमेंट्री ऐकलेल्या माझ्या पिढीला ती बॅटरी फार लागते. भाचीला मात्र वॉकमन म्हणजे काय इथपासून सुरुवात करावी लागली. खेळाचे तपशील कळले नाहीत तरी चालतं, पण एक-दोन जागी मी सरळ पानं उलटली, खोटं कशाला बोलू.

तक्रारी आहेत. नऊ वर्षांची मुलगी कधीकधी पंचेचाळिशीतल्या लेखकासारखा विचार करते. मध्येच पोलिसांच्या चुकलेल्या तपासाचे तुकडे येतात, तेव्हा जंगलाची पकड सुटते. शेवट सांगत नाही, पण माझ्या मते किंचित सोयीचा आहे. आणि माझी पेपरबॅक प्रत: बारीक टाइप, पावसाळ्यात फुगलेली पानं, सप्टेंबरात कणाच मोडला. आता रबरबँड लावून ठेवलीय.

गणपतीत भाचीने ती पुन्हा मागून नेली. एका रात्री सव्वाअकराला मेसेज आला, “आत्या ती ओढ्याच्या बाजूने चाललीय, बरोबर आहे ना?” मी वाचून फोन पालथा ठेवला.

डिसेंबरात लोणावळ्याकडून राजमाचीला गेलो. एका फाट्याजवळ ग्रुप पुढे गेला आणि मला आडोशाला जावं लागलं. कारवीत जेमतेम वीस पावलं आत गेले असेन, तेवढ्यात मागून खणखणीत आवाजात एकोणतीसचा पाढा सुरू झाला. बाहेर आले तर भाची वाटेच्या मधोमध, माझ्याकडे पाठ करून उभी.

“अगं, ओरडतेस कशाला?”

“तुला वाट कुठेय ते ऐकू यावं म्हणून,” ती म्हणाली, आणि दोनशे बत्तीसवरून पुढे चालू केलं.