सुकटीच्या डब्यातली आरडी

आगोटीचा, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावरचा पैसा आमच्या हर्णै बंदरात टिकत नाही. मे महिन्यात लोक पावसाळ्याची बेगमी करतात, तेव्हा सुकट-बोंबील विकून आम्हा बायकांच्या हातात चार पैसे खुळखुळतात. मग १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, की घरात बसून तेच खायचे. आमचा घोव म्हणतो, दर्याचा पैसा मोजू नये, बरकत जाते. त्याने कधी मोजलेला नाही आणि बरकतही मी पाहिलेली नाही.

२०२० च्या ऑगस्टात मी पोस्टात आरडी काढली, म्हणजे दर महिन्याला ठरलेला हप्ता भरायचं खातं. महिन्याला १०० रुपयांपासून काढता येते, मी ५०० ची काढली, पाच वर्षांची. घरात बोलले नाही. पासबुक सुकटीच्या डब्यात ठेवलं, कारण त्या डब्याला माझ्याशिवाय कोणी हात लावत नाही. पोस्टात मात्र माझ्याआधी पासबुकाचा वास पोचायचा.

पहिल्याच पावसात जून-जुलैचे हप्ते राहिले. दंड शंभराला रुपया, म्हणजे माझ्या एका हप्त्याला महिन्याचे ५. रक्कम काहीच नाही, पण आपल्याच पैशाला दंड भरताना जीव चरफडतो. मग कळलं की सहा हप्ते एकदम आगाऊ भरले तर शंभरामागे १० रुपये सूट आहे. त्यानंतर दर मेमध्ये आगोटीतले ३००० आधी पोस्टात. सुटलेल्या ५० रुपयांचं मी आणि लेक आइस्क्रीम खायचो.

व्याजावर डोळा ठेवून जाणार असाल तर नका जाऊ. मला ५.८ टक्के दर मिळाला. पाच वर्षांत ३०,००० भरले, हातात आले ३४,८०० च्या आसपास. पण तीन वर्षं खातं मोडताच येत नाही, हे माझ्यासारखीला बरं. मध्ये बोटीचं इंजिन बंद पडलं. वर्षभर हप्ते भरले की जमलेल्या पैशाच्या निम्मं कर्ज मिळतं, हे मला ठाऊक होतं, घोवाला नव्हतं. मी गप्प राहिले. त्याने बाहेरून व्याजाने पैसे आणले. ते अजून टोचतं.

गेल्या वर्षी पैसे मिळाले आणि मी कमोड बसवला. गुडघे गेलेत माझे, मासळीच्या लिलावाला पहाटे उकिडवं बसून बसून. लाद्या, नळ, गवंड्याची मजुरी धरून २२,००० गेले.

"सगळे पैसे पाण्यात घातलंस गो!" म्हणून घोवाने बंदरभर सांगितलं. आता रोज सकाळी पहिला नंबर त्याचाच. आत बसून मोबाईलवर हवामान बघतो आणि मी दाराशी उभी.

नवी आरडी काढलीय, ८०० ची, ६.७ टक्क्यांनी. या खेपेला त्याला सांगून. पासबुक मात्र अजून त्याच डब्यात आहे, प्लास्टिकच्या पिशवीत घालायचं राहूनच जातं.